पीडीसी जागतिक डार्ट्स स्पर्धा: खेळाडू तिथवर पोहोचतात कसे आणि खेळतात कसे?

दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर लंडनमध्ये डार्ट्सची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नियम आणि आकडे २०२६ च्या स्पर्धेचे धरले आहेत. सगळ्यांचं लक्ष अंतिम सामन्याकडे असतं हे ठाऊक आहे, पण मला विचाराल तर या स्पर्धेतली सर्वांत जीवघेणी चुरस क्रमवारीत ६४ व्या स्थानाच्या आसपास चालते. म्हणून त्या भागावर जरा जास्तच लिहिलं आहे.

ही स्पर्धा कोण भरवतं? डार्ट्सच्या जागतिक स्पर्धा दोन आहेत का?

पीडीसी, म्हणजे प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, ही व्यावसायिक खेळाडूंची संस्था ही स्पर्धा भरवते. पूर्वी सगळा खेळ ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनच्या, म्हणजे बीडीओच्या हातात होता आणि तिची जागतिक स्पर्धा १९७८ पासून होत होती. १९९२ मध्ये आघाडीच्या खेळाडूंनी वेगळी चूल मांडली. १९९४ मध्ये त्यांची स्वतःची पहिली जागतिक स्पर्धा एसेक्समधल्या पर्फ्लीट इथल्या सर्कस टॅव्हर्नमध्ये झाली. तिथे डेनिस प्रीस्टलीने फिल टेलरला ६-१ असं हरवलं. टेलरने पुढे त्याचं उट्टं कसं काढलं ते सर्वांना माहीत आहे: दोन्ही संस्था मिळून त्याच्या नावावर १६ जागतिक विजेतेपदं आहेत.

बरीच वर्षं दोन जगज्जेते असायचे आणि खरा कोण यावर वाद व्हायचे. २०२० मध्ये बीडीओ बंद पडली. डब्ल्यूडीएफ, म्हणजे वर्ल्ड डार्ट्स फेडरेशन, ही संस्था आजही आपली जागतिक स्पर्धा घेते, पण पैसा, प्रेक्षक आणि दर्जा या तिन्ही बाबतींत पीडीसीची स्पर्धा फार पुढे आहे. २००८ च्या स्पर्धेपासून ती उत्तर लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होते. चाहते या जागेला लाडाने ‘अ‍ॅली पॅली’ म्हणतात. विजेत्याला मिळणाऱ्या चषकाला समालोचक सिड वॉडेल यांचं नाव आहे.

एकूण किती खेळाडू असतात आणि त्यांची निवड कशी होते?

१२८. आधीची काही वर्षं हा आकडा ९६ होता आणि मानांकित खेळाडू थेट दुसऱ्या फेरीत उतरायचे. २०२६ पासून ती सवलत गेली आणि आता जगज्जेताही पहिल्या फेरीपासून खेळतो.

या १२८ जागा तीन वाटांनी भरतात. मुख्य क्रमवारीतले पहिले ४० खेळाडू, त्यानंतर प्रो टूरच्या (टीव्हीबाहेरच्या वर्षभराच्या मालिकेच्या) एका वर्षाच्या क्रमवारीतून ४० आणि उरलेल्या ४८ जागा जगभरातल्या पात्रता स्पर्धांमधून. एखादा खेळाडू पहिल्या दोन्ही याद्यांत असेल तर तो मुख्य क्रमवारीतून आत येतो आणि प्रो टूरच्या यादीत त्याच्यामागचा खेळाडू एक पायरी वर सरकतो. त्यामुळे प्रो टूरच्या यादीत चाळीसच्या बऱ्याच मागे असलेल्यालाही जागा मिळू शकते. नोव्हेंबर आला की चाहते कागद-पेन घेऊन याच आकडेमोडीत बुडालेले असतात.

मुख्य क्रमवारी, म्हणजे ‘ऑर्डर ऑफ मेरिट’, कशी ठरते?

गुण वगैरे भानगड नाही. गेल्या दोन वर्षांत क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांमध्ये तुम्ही जितके पौंड बक्षीस मिळवलेत, तितके तुमचे गुण. ज्याची कमाई जास्त तो वर.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक मेख आहे. दोन वर्षं उलटली की ती रक्कम तुमच्या खात्यातून वजा होते. पैसे बँकेत राहतात, क्रमवारीतून मात्र जातात. ल्यूक हम्फ्रीजने जानेवारी २०२४ मध्ये जगज्जेतेपदाचे ५ लाख पौंड मिळवले, त्यांच्या बळावर तो दोन वर्षं वरच्या स्थानांवर राहिला आणि २०२६ ची स्पर्धा संपताच ते ५ लाख हिशेबातून बाद झाले. डार्ट्समध्ये ‘अमुक इतके पौंड राखायचे आहेत’ असं जे म्हणतात ते याच अर्थाने. दोन वर्षांपूर्वी जिथे चमकलात तिथे पुन्हा चमकला नाहीत तर खाली घसरता.

उलट दिशेनेही हे तितक्याच वेगाने घडतं. ल्यूक लिटलर २०२४ च्या स्पर्धेत उतरला तेव्हा १६ वर्षांचा होता आणि क्रमवारीत १६४ वा. अंतिम सामना तो हम्फ्रीजकडून ४-७ असा हरला, पण उपविजेत्याच्या २ लाख पौंडांनी त्याला एका झटक्यात ३१ व्या स्थानावर नेऊन ठेवलं. तीन आठवड्यांत १३३ पायऱ्या!

ही पद्धत न्याय्य आहे का? माझ्या मते पूर्णपणे नाही. जागतिक स्पर्धेचं बक्षीस इतर स्पर्धांच्या तुलनेत इतकं फुगलं आहे की डिसेंबरातला एक चांगला आठवडा वर्षभराच्या सातत्याला झाकून टाकतो. २०२६ पासून विजेत्याला १० लाख पौंड मिळतात, तेव्हा हे असंतुलन आणखी वाढलं. पण पारदर्शकतेच्या बाबतीत तिला तोड नाही. बेरीज कुणालाही करता येते, कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

बक्षिसांची वाटणी कशी असते?

एकूण ५० लाख पौंड. विजेत्याला १० लाख, उपविजेत्याला ४ लाख, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला २ लाख, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला १ लाख. शेवटच्या सोळांत हरलात तर ६० हजार, त्याआधीच्या फेरीत ३५ हजार, दुसऱ्या फेरीत २५ हजार आणि पहिलाच सामना हरलात तरी १५ हजार.

ही शेवटची रक्कम लहान वाटू देऊ नका. वर्षभर धडपडून जेमतेम खर्च भागवणाऱ्या खेळाडूसाठी नुसतं अलेक्झांड्रा पॅलेसच्या मंचावर उभं राहणं हीच त्या वर्षाची सर्वांत मोठी कमाई असू शकते.

प्रो टूर म्हणजे काय?

टीव्हीवर न दिसणारा डार्ट्स. त्याचे दोन भाग आहेत: प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि युरोपियन टूर.

प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या २०२५ मध्ये ३४ स्पर्धा झाल्या. लेस्टर, विगन, जर्मनीतलं हिल्डेसहाइम अशा ठिकाणी एखाद्या मोठ्या हॉलमध्ये ओळीने बोर्ड मांडलेले असतात. प्रेक्षक नाहीत, संगीत नाही, आतषबाजी नाही. सर्व १२८ व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश असतो, एका दिवसात अख्खी स्पर्धा उरकते आणि जिंकायचं तर सकाळपासून रात्रीपर्यंत सात सामने काढावे लागतात. सामने लहान असतात, सुरुवातीच्या फेऱ्यांत सहा लेग, म्हणजे डाव, आधी जिंकणारा पुढे जातो. त्यामुळे सूर सापडेपर्यंत निकाल लागलेला असतो. पहिला सामना हरलात तर हाती काही नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

युरोपियन टूर वेगळी. शुक्रवार ते रविवार, ४८ खेळाडू, भरलेलं प्रेक्षागृह, बहुतेक वेळा जर्मनीत. २०२५ मध्ये अशा १४ स्पर्धा झाल्या. मोठी नावं थेट येतात, बाकीच्यांना पात्रता फेरी खेळावी लागते.

या दोन्हींतल्या एका वर्षाच्या कमाईची वेगळी क्रमवारी म्हणजे प्रो टूर ऑर्डर ऑफ मेरिट. तिथून जागतिक स्पर्धेच्या ४० जागा भरतात. दोन वर्षांच्या यादीत मागे पडलेल्या, पण यंदा फॉर्मात असलेल्या खेळाडूसाठी ही वाट असते. मोठ्या मंचावर एखादा अनोळखी चेहरा मानांकित खेळाडूला गारद करतो तेव्हा समालोचक ‘कोण हा?’ असा आव आणतात. पण त्या रिकाम्या हॉलमधल्या बाकीच्या १२७ जणांना तो चांगलाच माहीत असतो.

टूर कार्ड कसं मिळतं आणि कसं जातं?

टूर कार्ड म्हणजे व्यावसायिक दौऱ्यावर खेळण्याचा परवाना. जगात फक्त १२८ जणांकडे ते असतं आणि त्याची मुदत दोन वर्षांची. जागतिक स्पर्धा संपली की मुख्य क्रमवारी पाहिली जाते. पहिल्या ६४ मध्ये असाल तर कार्ड राहतं. ज्यांच्या कार्डाचं एकच वर्ष झालं आहे त्यांनाही दुसरं वर्ष मिळतं. मुदत संपली आणि क्रमांक ६५ किंवा त्याखाली असेल, तर कार्ड गेलं.

आता पुन्हा बक्षिसांचे आकडे पाहा. पहिल्या फेरीत हरणं आणि जिंकणं यात १० हजार पौंडांचा फरक आहे. ६४ व्या क्रमांकाच्या आजूबाजूच्या खेळाडूंमध्ये बहुधा तेवढंही अंतर नसतं. म्हणजे डिसेंबरातल्या एखाद्या दुपारी, अर्धवट भरलेल्या प्रेक्षागृहात, ज्यांची नावं कुणाला नीट उच्चारता येत नाहीत असे दोन खेळाडू निर्णायक सेटमध्ये सामना संपवणारा डबल शोधत असतात, तेव्हा एकाची पुढची दोन वर्षं त्या डार्टवर लटकलेली असू शकतात. कधी कधी तो खेळाडू स्वतः स्पर्धेबाहेर गेलेला असतो आणि घरी बसून दुसऱ्याच्या पराभवाची वाट बघत असतो. अंतिम सामन्यात जो हरतो त्याला निदान ४ लाख पौंड मिळतात. इथे हरणाऱ्याची नोकरीच जाते.

कार्ड गमावलेले आणि नव्याने मिळवू पाहणारे जानेवारीत क्यू-स्कूलला जमतात. ब्रिटनमधल्यांसाठी ही पात्रता शाळा मिल्टन कीन्समध्ये भरते, युरोपातल्यांसाठी जर्मनीतल्या काल्करमध्ये. आधी प्राथमिक टप्पा, मग अंतिम टप्पा. अंतिम टप्प्यात रोजच्या स्पर्धेतून थेट कार्डं मिळतात आणि उरलेली त्या आठवड्यातल्या एकूण कामगिरीवर दिली जातात. शेकडो लोक येतात आणि मूठभर कार्डं घेऊन परततात. एकेकाळी टीव्हीवर झळकलेले खेळाडू तिथे हौशी पोरांच्या शेजारी उभे राहून सराव करताना दिसतात. डार्ट्सइतका निष्ठुरपणे पाटी कोरी करणारा दुसरा व्यावसायिक खेळ मला तरी माहीत नाही: गमावलेलं कार्ड क्यू-स्कूलमधून परत मिळवलं तरी क्रमवारी शून्य पौंडांपासून सुरू होते.

आणखी एक वाट आहे. चॅलेंज टूर आणि १६ ते २४ वयोगटासाठीची डेव्हलपमेंट टूर या दुय्यम मालिकांमध्ये वर्षअखेरीस वरच्या स्थानांवर असलेल्यांना थेट कार्ड दिलं जातं.

४८ आंतरराष्ट्रीय जागांवर कोण येतं?

इथे स्पर्धेला खरा जागतिक रंग चढतो. आशियाई टूर, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्डिक आणि बाल्टिक देश, चीन, आफ्रिका, भारत अशा ठिकाणच्या मालिका किंवा पात्रता स्पर्धांचे विजेते या जागा घेतात. चॅलेंज टूर, डेव्हलपमेंट टूर आणि महिलांची मालिका यांतूनही काही जण येतात. ज्या कार्डधारकांना क्रमवारीतून जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी नोव्हेंबरअखेर एक शेवटची पात्रता स्पर्धा होते. वर्षभराचं अपयश एका दिवसात पुसायची ती संधी असते, त्यामुळे त्या हॉलमध्ये कुणी फारसं हसत नाही.

भारतातून नितीन कुमार अनेकदा इथवर पोहोचला. २०२६ च्या स्पर्धेत त्याने नेदरलँड्सच्या रिचर्ड वीनस्ट्राला ३-२ असं हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय.

त्याच वर्षी सिंगापूरचे पॉल लिम ७१ व्या वर्षी पहिली फेरी जिंकून गेले. लिम यांचं नाव खेळाच्या इतिहासात आधीच कोरलेलं आहे. ते का, हे पुढे नऊ डार्टांच्या प्रश्नात येईल.

जागा वाढवल्याने दर्जा घसरतो अशी तक्रार दरवर्षी होते. पहिल्या फेरीत काही सामने एकतर्फी होतात, हे खरंच आहे. पण ज्या देशात डार्ट्सचा एकही व्यावसायिक नाही तिथला खेळाडू या मंचावर दिसला नाही, तर पुढची पिढी कुणाकडे बघणार?

महिलांसाठी वेगळी स्पर्धा आहे का?

पीडीसीची जागतिक स्पर्धा सर्वांसाठी खुली आहे. महिलांची स्वतंत्र मालिका होते आणि तिच्यातल्या अव्वल खेळाडूंना इथे जागा मिळतात, पण त्या क्यू-स्कूलमधून किंवा इतर कुठल्याही वाटेनेही येऊ शकतात.

डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने टेड एव्हेट्सला ३-२ असं हरवलं आणि ती या स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली महिला ठरली. योगायोग म्हणावा तर पुढच्याच सामन्यात तिने मानांकित मेन्सूर सुल्योविचलाही ३-१ ने घरी पाठवलं. अलीकडचं नाव बो ग्रीव्ह्जचं. २०२५ मध्ये तिने जागतिक युवा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात खुद्द लिटलरला ६-५ असं हरवलं आणि डेव्हलपमेंट टूरमधल्या कामगिरीवर टूर कार्डही मिळवलं.

ड्रॉ कसा काढतात?

मुख्य क्रमवारीतल्या पहिल्या ३२ जणांना मानांकन मिळतं आणि त्यांना तक्त्यावर विखरून ठेवलं जातं, म्हणजे तिसऱ्या फेरीआधी दोन मानांकित समोरासमोर येत नाहीत. बाकीची नावं चिठ्ठ्यांनी जातात.

सामन्याची लांबी किती? लेग आणि सेट यात फरक काय?

एक लेग म्हणजे ५०१ पासून शून्यापर्यंतचा एक डाव. तीन लेग आधी जिंकणाऱ्याला एक सेट मिळतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तीन सेट जिंकावे लागतात, तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत चार, उपांत्यपूर्व फेरीत पाच, उपांत्य फेरीत सहा आणि अंतिम सामन्यात सात. पुढच्या फेऱ्यांत सामना निर्णायक सेटपर्यंत गेला तर दोन लेगची आघाडी लागते. तरीही ५-५ अशी बरोबरी झाली, तर एकच लेग खेळून निकाल लावतात.

सेटच्या पद्धतीमुळे हिशेब विचित्र होतो. समजा एकाने तीन सेट ३-२ असे जिंकले आणि दोन सेट ०-३ असे गमावले. त्याचे लेग झाले ९, प्रतिस्पर्ध्याचे १२. तरी सामना त्याचाच! ब्लॅकपूलला जुलैमध्ये होणाऱ्या वर्ल्ड मॅचप्लेमध्ये फक्त लेग मोजतात. तिथे चांगला खेळणारा सहसा जिंकतो, इथे योग्य वेळी चांगला खेळणारा जिंकतो.

पहिला डार्ट कोण टाकतो? त्याने एवढा काय फरक पडतो?

सामन्याआधी दोघेही बोर्डाच्या मध्यावर, म्हणजे बुलवर, एकेक डार्ट टाकतात. जवळचा जिंकतो. त्यानंतर लेगची सुरुवात आलटून पालटून होते, सेटचीही.

या पातळीवर एक लेग साधारण पाच खेपांत संपतो (एका खेपेत तीन डार्ट). सुरुवात करणारा नेहमी तीन डार्ट पुढे असतो, म्हणून त्याने लेग जिंकणं अपेक्षितच असतं. दुसऱ्याने सुरू केलेला लेग हिसकावला तर त्याला ब्रेक म्हणतात. निर्णायक लेगमध्ये सुरुवात कुणाची आहे यावर अर्धा निकाल ठरतो आणि त्याचं मूळ कधी कधी तासभर आधी बुलवर टाकलेल्या त्या एका डार्टात असतं.

डबलवर संपवायचं म्हणजे नेमकं काय? तिथे खेळाडू एवढे का अडखळतात?

खेळ बघायला लागल्यावर सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच. ५०१ मधून गुण वजा करत बरोबर शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सर्वांत बाहेरच्या, दुप्पट गुणांच्या अरुंद पट्टीत, किंवा मधल्या लाल बुलमध्ये पडलाच पाहिजे. ती पट्टी जेमतेम ८ मिलिमीटर रुंद असते आणि खेळाडू २.३७ मीटरवर उभा असतो.

उरलेल्या गुणांपेक्षा जास्त झाले, एकच गुण उरला किंवा डबलशिवाय शून्य झालं, तर ती अख्खी खेप रद्द होते. समजा ३२ उरले आहेत. डबल १६ हवा, पण डार्ट आत घसरून साध्या १६ मध्ये पडला. उरले १६. डबल ८ वर नेम, पुन्हा आत, उरले ८. आता डबल ४ हवा, पण डार्ट शेजारच्या १८ मध्ये गेला. झालं, खेळाडू पुन्हा ३२ वर. तरी ३२ हा आकडा सर्वांना आवडतो, कारण प्रत्येक वेळी आत चुकलं तरी निम्मे उरतात: १६, ८, ४, २. मध्ये आकडेमोड करावी लागत नाही. उलट विषम संख्या उरली तर एक डार्ट ती सम करण्यातच खर्ची पडतो.

तीन डार्टांत संपवता येईल अशी सर्वांत मोठी संख्या १७०: दोन ट्रेबल २० (ट्रेबल म्हणजे तिप्पट गुणांची पट्टी) आणि एक बुल. त्याखालच्या १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ या सात संख्या तीन डार्टांत संपतच नाहीत. अनुभवी खेळाडू दोन खेपा आधीपासून त्या टाळतो. एका खेपेत तीन ट्रेबल २० लागून झालेल्या १८० वर टाळ्या पडतात, पण सामने जिंकले जातात ते या शांत आकडेमोडीवर.

सगळे ट्रेबल २० वरच का टाकतात? मधला बुल सोपा नाही का?

बुलचे ५० गुण, ट्रेबल २० चे ६०. बुल लहानही आहे. मात्र २० च्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ आहे, त्यामुळे चुकलं तर शिक्षा जबर. आधीचे डार्ट वाट अडवून बसले की खेळाडू खाली ट्रेबल १९ कडे वळतो. तिथले शेजारी ३ आणि ७, जरा कमी कंजूष. जोरदार लयीत असतानाही कधी वळायचं ते कळणं ही मोठी कला आहे.

‘नऊ डार्टांचा लेग’ किती दुर्मिळ?

५०१ संपवायला कमीत कमी नऊ डार्ट लागतात: १८०, पुन्हा १८० आणि उरलेले १४१, बहुतेक वेळा ट्रेबल २०, ट्रेबल १९, डबल १२ या क्रमाने. टीव्हीवर तो पहिल्यांदा जॉन लोवने १९८४ मध्ये साधला. जागतिक स्पर्धेतला पहिला मान पॉल लिम यांचा, १९९० च्या बीडीओ स्पर्धेत. त्याचं बक्षीस होतं ५२ हजार पौंड आणि त्या वर्षीचा जगज्जेता फिल टेलरला मिळाले होते २४ हजार!

पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत रेमंड व्हॅन बार्नवेल्डने २००९ मध्ये सुरुवात करून दिली. २०२३ च्या अंतिम सामन्यात मायकल स्मिथने मायकल व्हॅन गेर्वेनविरुद्ध केलेला मात्र विसरणं अशक्य. त्याच लेगमध्ये व्हॅन गेर्वेन आठ डार्टांपर्यंत बिनचूक होता, त्याचा नववा थोडक्यात हुकला आणि लगेच स्मिथने आपला पूर्ण केला.

सरासरीचा आकडा कसा वाचायचा?

तीन डार्टांमागे सरासरी किती गुण, एवढाच त्याचा अर्थ. १०० ची सरासरी म्हणजे साधारण १५ डार्टांत एक लेग. नऊ डार्टांच्या लेगची सरासरी १६७ येते. नव्वदीच्या वरच्या भागात सातत्याने खेळणारा या मंचावर शोभतो, शंभरीपुढे खेळणारा धोकादायक. पण सरासरीला फार भुलू नका. २०१७ च्या उपांत्य सामन्यात बार्नवेल्डने १०९ हून अधिक सरासरी राखली आणि तरी हरला, कारण समोर व्हॅन गेर्वेनची होती ११४.०५.

बोर्ड आणि डार्टचे नियम काय आहेत?

बुलचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर. डार्टचं वजन ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको, पण प्रत्यक्षात बहुतेक खेळाडू त्याच्या निम्म्याच्या आसपासचे वापरतात. रेषेवरून पुढे झुकलं तर चालतं, पाय पुढे गेलेला चालत नाही. बोर्डावरून खाली पडलेल्या डार्टचे गुण नाहीत आणि तो पुन्हा टाकताही येत नाही.

एवढ्या गोंगाटात लक्ष कसं लागतं?

सगळ्यांचं लागतंच असं नाही. गाणी चालू असतात, वेशभूषा करून आलेले प्रेक्षक असतात आणि नावडत्या खेळाडूच्या डबलच्या वेळी शिट्ट्याही पडतात. २०२३ च्या उपांत्यपूर्व सामन्यात गर्विन प्राइस चक्क कानांवर आवाजरोधक लावून खेळला आणि तरी गाब्रिएल क्लेमेन्सकडून १-५ असा हरला. माझ्या मते नेम धरताना मुद्दाम मारलेली शिट्टी हा उत्साह म्हणता येत नाही, पण तो थांबवण्याचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. त्यात भर म्हणजे ऐन डिसेंबरात मंचावरच्या दिव्यांभोवती घोंघावणारी गांधीलमाशी. तिचे स्वतःचे चाहते आहेत.

चांगला खेळाडू अचानक डार्ट सोडूच शकत नाही, असं खरंच होतं?

होतं. त्याला डार्टायटिस म्हणतात. हात वर जातो, नेम लागतो, पण बोटं डार्ट सोडत नाहीत. पाच वेळा जगज्जेता झालेला एरिक ब्रिस्टो यातून गेला. हे मनाचं दुखणं आहे, त्यावर गोळी नाही. काहींना फेक बदलून उतार पडतो, काहींची कारकीर्द तिथेच थांबते.

प्रीमियर लीग जिंकून जागतिक स्पर्धेत जाता येतं का?

नाही. प्रीमियर लीग निमंत्रितांची असते, तिचं बक्षीस क्रमवारीत धरत नाहीत. देशांच्या जोड्यांचा वर्ल्ड कप आणि वर्ल्ड सिरीज यांचंही तेच. क्रमवारीत मोजल्या जातात त्या यूके ओपन, वर्ल्ड मॅचप्ले, वर्ल्ड ग्रांप्री, युरोपियन चॅम्पियनशिप, ग्रँड स्लॅम, प्लेयर्स चॅम्पियनशिप फायनल्स अशा स्पर्धा, प्रो टूर आणि अर्थात ही जागतिक स्पर्धा. यातली ग्रांप्री गमतीची: तिथे लेगची सुरुवातही डबलने करावी लागते आणि भलेभले पहिल्या डबलसाठी चाचपडत राहतात.

माझ्याकडे टूर कार्ड नाही. सुरुवात कुठून करू?

वय १६ पूर्ण असेल तर क्यू-स्कूलसाठी नाव देता येतं, शुल्क भरायची तयारी हवी. तिथे कार्ड नाही मिळालं तरी फेरी फुकट जात नाही, कारण भाग घेतलेल्यांना त्या वर्षीची चॅलेंज टूर खुली होते. युरोपाबाहेर राहत असाल तर आपल्या भागातली मालिका किंवा देशाची पात्रता स्पर्धा हाच जवळचा रस्ता. आणि घाई करा: अंतिम सामना ३ जानेवारीच्या आसपास होतो आणि मिल्टन कीन्स व काल्करमधले बोर्ड त्यानंतर काही दिवसांतच टांगले जातात.